ब्राझीलच्या गीरची कांडी भरावी का?

करमाळा तालुक्यातल्या एका तरुण पशुपालकाने विचारलंय. त्यांच्याकडे सहा गीर गाई आहेत, ऐन दुधात असताना आठ-दहा लिटर देणाऱ्या. मोबाईलवर त्यांनी ब्राझीलची गीर साठ लिटर देताना पाहिली. आता एक जण त्यांना ‘ब्राझील ब्लडलाइन’ची रेतनाची कांडी, म्हणजे वळूचं गोठवलेलं रेत भरलेली नळी, दोन हजार रुपयांना देऊ करतोय. त्यांचे मुख्य प्रश्न दोन: आपलीच गाय तिकडे जाऊन एवढी दुधाळ कशी झाली, आणि ही कांडी भरावी का? जाता जाता भ्रूणांबद्दलही विचारलंय.

कृत्रिम रेतन आणि पैदाशीच्या कामातच माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. थोडक्यात हवं असेल तर एवढंच: कांडी खात्रीच्या कागदांसह मिळत असेल तर तुमच्या सहांपैकी दोन-तीन गाईंवर जरूर वापरा. पण ब्राझीलच्या गीरचं दूध वाढलं ते पिढ्यान्‌पिढ्या दूध मोजून आणि लिहून ठेवून. त्या नोंदींशिवाय नुसती कांडी आणलीत, तर दहा वर्षांनी तुम्ही आजच्याच जागी असाल.

आधी त्या साठ लिटरबद्दल. हे आकडे दुग्धस्पर्धेतले असतात. हजारातून एक निवडलेली गाय, ऐन भरातलं वेत, महिनोन्‌महिने तयारी, भरपूर खुराक, आणि तीन दिवस रोज तीन वेळा धार. पंजाबातल्या स्पर्धेतली मुऱ्हा म्हैस पाहून कुणी आपल्या गोठ्यातल्या म्हशीकडून तेवढ्या दुधाची अपेक्षा धरत नाही. इथेही धरू नये. ब्राझीलच्या नोंदणीकृत दुधाळ गीर कळपांत एका वेताची सरासरी तीन हजार लिटरच्या थोडी वर जाते, म्हणजे वेतभर रोज साधारण दहा-अकरा लिटर. हा आकडाही आपल्या सरासरीपेक्षा चांगलाच वरचा आहे. पण तो तुमच्या आवाक्यातला आहे, साठचा नाही.

आता ही गाय तिकडे गेली कशी ते सांगतो, कारण उत्तर त्यातच आहे.

ब्राझीलच्या पशुपालकांना वशिंडाच्या जनावरांचं वेड लागलं ते एकोणिसाव्या शतकात. युरोपातून नेलेली जनावरं तिथल्या उन्हात आणि गोचिडात टिकत नव्हती. १८७८ मध्ये लेमग्रूबर नावाच्या पशुपालकाने जर्मनीत हॅम्बुर्गच्या प्राणिसंग्रहालयात आंध्रची ओंगोल जनावरं पाहिली आणि तिथूनच विकत घेतली. १८९३ मध्ये तेओफिलो दि गोदोय थेट भारतात आले. ते मिनास जेराइस राज्याच्या पश्चिम टोकाकडचे. त्याच भागातलं उबेराबा शहर आज वशिंडाच्या गाईंची राजधानी मानलं जातं. नकाशा उघडून पाहा, उबेराबा विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेवढ्या अंशांवर आहे, जवळपास तेवढ्याच अंशांवर उत्तरेला आपलं छत्रपती संभाजीनगर येतं. तिथेही पावसाळा संपला की पाच-सहा महिने कोरडे जातात आणि कुरणं पिवळी पडतात. आपली गाय तिथे रुजली यात नवल नाही.

वाट मात्र सरळ नव्हती. १९२० मध्ये भारतातून ब्राझीलला निघालेली जनावरं बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात उतरवली गेली आणि त्यांच्याबरोबर बुळकांडी हा गुरांचा जीवघेणा साथीचा रोग युरोपात शिरला. पुढच्याच वर्षी साओ पाउलो भागात बुळकांडी लागली आणि ब्राझीलने आयात बंद केली. या धक्क्यातूनच १९२४ मध्ये २८ देशांनी पॅरिसमध्ये पशुआरोग्याची आंतरराष्ट्रीय संस्था उभी केली. ती आजही जनावरांच्या रोगांबाबत जगाचे नियम ठरवते. बुळकांडीचं जगातून उच्चाटन झाल्याची घोषणा व्हायला २०११ साल उजाडलं. गावागावांत लसीकरण करत फिरलेल्या आमच्या आधीच्या पिढीतल्या पशुवैद्यकांचा आणि पशुधन पर्यवेक्षकांचा त्यात मोठा वाटा आहे.

बंदीनंतर थोडीफार जनावरं गेली, पण शेवटची मोठी खेप १९६०-६२ ची. सेल्सो गार्सिया सिद या पशुपालकाला भावनगरच्या महाराजांकडचा ‘कृष्णा’ हा गीर वळू मिळाला. आजच्या कितीतरी ब्राझिलियन गीरांच्या वंशावळीत त्याचं नाव सापडतं. १९६२ च्या जनावरांना तर मुख्य भूमीवर पाऊल ठेवण्याआधी फेर्नांदो दि नोरोन्या या अटलांटिकमधल्या बेटावर विलगीकरणात ठेवलं होतं. बुळकांडीची भीती चाळीस वर्षांनीही गेली नव्हती.

सगळ्या वर्षांची बेरीज केली तरी भारतातून गेलेली जनावरं सहा-सात हजारांच्या घरातली. आज ब्राझीलमध्ये २० कोटींहून जास्त गोवंश आहे आणि त्यात बहुतांश जनावरांत आपल्याकडचं रक्त आहे. आपल्याकडे २०१९ च्या पशुगणनेत गोवंश १९ कोटी ३४ लाख होता. ओंगोलला तिथे नेलोरे म्हणतात, कांकरेजला गुझेरा. गीर मात्र गीरच राहिली.

आता मधला एक काळ, जो आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही. १९४० च्या आसपास ब्राझीलमध्ये वशिंडाच्या जनावरांचे भाव भडकले होते. तेव्हा वळू निवडला जायचा तो रूपावर: कान किती लांब, कपाळ किती फुगीर, शिंगांचं वळण कसं, रंग कोणता. दूध कुणी विचारत नव्हतं. १९४५ मध्ये बाजार कोसळला आणि लाखमोलाच्या जनावरांना गिऱ्हाईक उरलं नाही. गीर मागे पडली. तिला सावरलं ते दूध मोजणाऱ्या मोजक्या कळपांनी.

हे वाचून तुम्हाला आपल्याकडची आजची गीरची बाजारपेठ आठवली असेल. मला ती रोज आठवते. कानाचं टोक वळलेलं आहे का, कपिला आहे का, रील किती लोकांनी पाहिली, यावर कालवडीचा भाव लाखात ठरतो. तिच्या आईने एका वेतात किती दूध दिलं, किती महिने दिलं आणि पुन्हा किती दिवसांनी गाभण राहिली, हे विचारलं की विकणारा गप्प होतो. ज्या खड्ड्यात ते ऐंशी वर्षांपूर्वी पडले, त्याच खड्ड्याकडे आपण चाललोय. म्हणून एवढं तळमळीने लिहितोय.

तिथे खरा बदल १९८५ नंतर झाला. जुईझ दि फोरा या शहरातलं सरकारी दुग्धसंशोधन केंद्र, म्हणजे तिथल्या एम्ब्रापा या कृषी संशोधन संस्थेची शाखा, आणि दुधाळ गीर पाळणाऱ्यांची संघटना यांनी मिळून वळूंची संततीचाचणी सुरू केली. पद्धत सांगायला सोपी, करायला चिवट. तरुण वळूचं रेत वेगवेगळ्या गोठ्यांत वाटायचं. नऊ महिन्यांनी कालवडी होतात, त्या विताना तीन-साडेतीन वर्षांच्या होतात, मग त्यांचं पूर्ण वेत मोजायचं. एवढं झाल्यावर कळतं की वळू खरोखर दूध वाढवतो का. तोपर्यंत त्याच्या कांड्या द्रव नत्रात पडून असतात. १९८५ ला सुरू केलेल्या चाचणीचा पहिला निकाल १९९३ मध्ये आला. आठ वर्षं! या आठ वर्षांत विकायला त्यांच्याकडे काही नव्हतं, तरी गोठेवाले महिन्यामहिन्याला दूध मोजत राहिले. त्यांच्या यशाचं गुपित मला विचाराल तर ते या आठ वर्षांत आहे.

आपल्याकडेही हे काम चालू आहे. राष्ट्रीय गोकुळ मिशन २०१४ पासून आहे, गीरची संततीचाचणी गुजरातमध्ये होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्याच वाशिममध्ये देशी गाईंची जनुकीय तपासणी करणाऱ्या ‘गौचिप’चं लोकार्पण झालं. कालवड लहान असतानाच तिच्या दुधाचा अंदाज बांधायला ही चिप उपयोगी पडते. पण चिपला शिकवायला हजारो गाईंच्या मोजलेल्या दुधाच्या नोंदी लागतात. वही कोरी असेल तर प्रयोगशाळा काय करणार?

म्हणून कांडीआधी वही. दूध कसं मोजायचं ते नीट सांगतो, कारण बहुतेक गोठ्यांत इथेच गडबड होते. महिन्यातून एक दिवस ठरवा, उदाहरणार्थ दर महिन्याची १० तारीख. आदल्या संध्याकाळची धार पूर्ण काढा. त्या दिवशी सकाळ-संध्याकाळचं दूध मापाने नको, वजनकाट्यावर तोला. फेस मापाला फसवतो. रिकाम्या बादलीचं वजन आधी वजा करा. गीर वासराशिवाय पान्हा सोडत नाही, तिकडेही कितीतरी गोठ्यांत वासरू लावूनच धार काढतात. त्यामुळे त्या दिवशी वासराला फक्त पान्ह्यापुरतं लावा, मग बाजूला बांधा, चारही सड काढा आणि वासराला त्याच्या वाटणीचं बाटलीने पाजा. एरवी एक सड वासराला सोडत असाल तर सोडा, पण मोजणीच्या दिवशी नको. गाय वितल्याची तारीख, भरवल्याची तारीख, कांडीवरचा वळू क्रमांक आणि आटल्याची तारीख लिहा. कानात बारा अंकी बिल्ला असेल तर तोच क्रमांक वहीत टाका.

वर्षभर हे केलंत की एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल. समजा एक गाय व्यायल्यावर १४ लिटरला जाते, पण सहा महिन्यांत आटते. तिची सरासरी ९ धरली तरी १८० दिवसांचे १,६२० लिटर. दुसरी कधी १० च्या वर गेली नाही, पण सरासरी ८ लिटरने ३०० दिवस चालली: २,४०० लिटर. त्यात पहिली पुन्हा व्यायला अठरा महिने घेते आणि दुसरी पंधरा, तर दोन वेतांमधल्या दर दिवसामागे पहिलीचे ३ लिटर पडतात आणि दुसरीचे ५ लिटर ३३० मिली. बाजारात भाव मात्र पहिलीलाच जास्त येतो, कारण बघायला येणारा १४ लिटरची धार पाहतो. ब्राझीलची कांडी भरायची ती या दुसरीवर, आणि ती कोण हे वहीशिवाय कळत नाही.

आता कांडीचं. ब्राझीलमधून गीरचं रेत आपल्याकडे आलेलं आहे. ते केंद्र सरकारच्या परवानगीने, आरोग्य प्रमाणपत्रासह येतं. २०२० मध्ये दोन्ही देशांनी पशुपालन आणि दुग्धव्यवसायातल्या सहकार्याच्या कागदावर सह्याही केल्या. तेव्हा चांगली कांडी मिळू शकते. पण तुम्हाला देऊ करणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. कांडीवर छापलेला वळू क्रमांक, जात आणि रेत केंद्राचं नाव दाखवा म्हणा. त्या वळूची संततीचाचणी झाली असेल तर मुलींच्या दुधाचा निकाल मागा. आयातीचा किंवा पुरवठ्याचा कागद मागा. ‘ब्राझील ब्लडलाइन’ एवढंच उत्तर मिळालं तर दोन हजार रुपये खिशातच ठेवा आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून, दुग्धसंघातून किंवा खात्रीच्या संस्थेकडून चाचणी झालेल्या भारतीय गीर वळूची कांडी घ्या. क्रमांक माहीत असलेला आपला वळू अनोळखी परदेशी वळूपेक्षा केव्हाही बरा. आणि भरवताना कांडी नत्राच्या टाकीतून काढून थेट हातात घासून वितळवणारा माणूस असेल तर त्याला थांबवा. ३५ ते ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा ते पाऊण मिनिट, थर्मामीटर लावून. महागडी कांडी इथेच वाया जाते.

ही कांडी फक्त गीर किंवा गीरच्या संकरावर. खिलार, डांगी, देवणी, लाल कंधारी यांच्यावर गीर भरण्याची जी लाट आलीय ती मला घातक वाटते. खिलारचं काम वेगळं, डांगी मुसळधार पावसात टिकते. एकदा रक्त मिसळलं की परत वेगळं काढता येत नाही.

आणखी एक सावधगिरी सगोत्र पैदाशीची. ब्राझीलच्या गीरचा सगळा कळप मोजक्या पूर्वजांतून आलेला, त्यामुळे दोन वेगळ्या नावांच्या वळूंचा आजा एकच निघू शकतो. त्यांनाही ही चिंता आहे आणि भारतातलं नवं रक्त हवं आहे. आपल्याकडे मात्र लाळ्या खुरकूत अजून आहे, म्हणून ते सहज नेता येत नाही. ब्राझीलला मे २०२५ मध्ये लसीशिवाय लाळ्या खुरकूतमुक्त असल्याची जागतिक मान्यता मिळाली. आपण २०१९ पासून देशभर दर सहा महिन्यांनी लस टोचतो आहोत आणि ती टोचून घेणं किती गरजेचं आहे हे यावरूनही कळावं. पण आपल्या गोठ्यातल्या सगोत्रतेबद्दल आपण तेवढी चिंता करत नाही. एकच वळू सात-आठ वर्षं ठेवणारे गोठे आणि गोशाळा मी पुष्कळ पाहिल्यात. त्याच्या मुलींवर तोच वळू चढतो, मग वासरं लहान पडतात आणि गाई उलटतात, म्हणजे भरवूनही गाभण राहत नाहीत. वळू तीन वर्षांनी बदला.

त्यांच्यात आणि आपल्यात एक मोठा फरक आहे, तो सांगितला पाहिजे. तिथे नर वासरू आणि कमी दुधाची गाय मांसासाठी जाते, त्यामुळे निवड कडक होते. आपल्याकडे तसं नाही, आणि महाराष्ट्रात २०१५ पासून बैल-गोऱ्ह्यांनाही कायद्याचं संरक्षण आहे. नको असलेलं जनावर पोसण्याचा खर्च शेतकऱ्याच्या अंगावर पडतो. म्हणून चांगल्या गाईवर लिंगवर्गीकृत कांडी वापरण्यात अर्थ आहे. साधारण ९० टक्के कालवडी होतात. गर्भधारणेचं प्रमाण साध्या कांडीपेक्षा कमी असतं, तेव्हा सुदृढ, वेळेवर माजावर येणाऱ्या जनावरावरच ती भरा.

गोचीड हे तर दोन्ही देशांचं सारखंच दुखणं. गाईंवरची आपल्याकडची मुख्य गोचीड आणि तिथली गोचीड एकच, आशियातून जनावरांबरोबर गेलेली. तिच्यामुळे ब्राझीलचं वर्षाला सुमारे ३२४ कोटी डॉलरचं नुकसान होतं, असा २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. दोन्हीकडे औषधं मारून मारून गोचीड निगरगट्ट झालीय. तिथली एक सोय मला फार आवडते. शेतकरी गाईवरच्या फुगलेल्या माद्या, शे-दोनशे, डबीत गोळा करून जुईझ दि फोराच्या त्या केंद्राला पोस्टाने पाठवतो. तिथे वेगवेगळ्या औषधांत त्या बुडवून पाहतात आणि त्याच्या गोठ्यातल्या गोचिडीवर कोणतं औषध चालतं ते शेतकऱ्याला मोफत कळवतात. अशी सोय आपल्या प्रत्येक जिल्ह्यात व्हावी, ही मागणी दूध संघांनी लावून धरायला हवी. तोपर्यंत दुकानदार देईल ते औषध दर आठवड्याला बदलू नका, मात्रा कमी करू नका आणि इंजेक्शननंतर किती दिवस दूध घालायचं नाही ते लेबलवर वाचा.

एक रोग मात्र आपला आहे, त्यांचा नाही. आपला थायलेरिया, म्हणजे गोचीड ताप, ब्राझीलमध्ये नाही. तिथली गीर साठ वर्षं या तापाशिवाय निवडली गेली. तिच्या मुली आपल्या गोठ्यात कशा टिकतात हे बघायला वेळ लागेल. म्हणून पहिल्या वर्षी सगळ्या सहाच्या सहा गाईंवर ही कांडी भरू नका म्हणतो.

चाऱ्याचं एक सांगायचं राहिलं. दूध रक्तात असलं तरी ते गव्हाणीतून येतं. तिथले छोटे दूधवाले कोरड्या महिन्यांत कुट्टी केलेला ऊस युरिया मिसळून घालतात. (ऊस हा आपला आणि त्यांचा जुना धागा; कोइमतूरची को ४१९ जात एके काळी आपल्याकडेही होती आणि त्यांच्याकडेही.) १०० किलो ताज्या कुट्टीला १ किलो मिश्रण, त्यात नऊ भाग युरिया आणि एक भाग अमोनियम सल्फेट, चार लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून सारखं शिंपडायचं. पहिला आठवडा निम्मंच. उपाशी जनावराला, वासराला, घोड्या-गाढवाला कधीच नाही, आणि तळाला साचलेलं पाणी जनावराने पिता कामा नये. जास्त युरियाने गाय तासाभरात दगावू शकते. करमाळ्याकडे ऊस आहे, तेव्हा उन्हाळ्यात हे जमेल, पण आधी तुमच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली करा. मुरघास, म्हणजे हवाबंद साठवून आंबवलेला हिरवा चारा, जमत असेल तर तो केव्हाही सोपा आणि सुरक्षित.

तुम्ही शेवटी ब्राझीलच्या भ्रूणांबद्दलही विचारलंय. सहा गाईंच्या गोठ्याला ते आत्ता नको. भ्रूण ठेवायला निरोगी, वेळेवर माजावर येणाऱ्या दुसऱ्या गाई लागतात, आणि ठेवलेल्यांपैकी निम्मे राहिले तरी चांगलं म्हणायचं. तेवढ्या पैशात एक वजनकाटा, एक कुट्टी यंत्र आणि वर्षाचा मुरघास होतो. येत्या १० तारखेला पहिली मोजणी करा. बारा मोजण्या झाल्या की सहाही गाईंचे आकडे मला पाठवा. कोणत्या दोन-तीन गाईंवर कोणता वळू, ते आपण तेव्हा ठरवू.